नळीच्या दुसऱ्या टोकाला

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी, माझी काही तक्रार नाही. पण हे माझ्या पाठच्या भावाच्या घरात घडलं, आणि त्यातलं शेवटचं तर माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

तेही रात्री नाही. भर दुपारी... खिडकीतून ऊन आत येत होतं, खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता.

भावाला सगळी गोदी बुड्या म्हणते. तरुणपणी तो गोदीत पाणबुड्या होता. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शंखशिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, तळाशी पडलेलं लोखंड चाचपडत शोधून त्याला साखळी बांधायची, ही त्याची कामं. पुढे कानांनी दगा दिला, पाण्यात उतरणं सुटलं आणि त्याला क्रेनवर घेतलं. वरच्या त्या काचेच्या केबिनमध्ये तो इतका रमला की भावजय म्हणायची, "ह्यांना जमिनीवर करमतच नाही. एक तर तळाशी, नाहीतर टोकाला."

पाळी कायम रात्रीची. सकाळी घरी यायचं, खाऊन पडदा ओढायचा आणि झोपायचं.

आणि घोरायचं.

त्याचं घोरणं हा आमच्या घरात चेष्टेचा विषय. भावजय सांगायची, आमच्याकडे गजर लागत नाही, शेजारीच उठून येतात विचारायला. पण एक गोष्ट ती हसत सांगत नसे. घोरता घोरता तो मध्येच गप्प व्हायचा. एकदम. श्वास नाही, हालचाल नाही... ती कोपराने ढोसायची, तेव्हा कुठे पाण्यातून वर आल्यासारखा तो मोठ्याने श्वास ओढायचा.

मग एका पहाटे क्रेनच्या केबिनमध्येच त्याचा डोळा लागला. हुकाला लोखंडी पेटी लटकत होती आणि खाली माणसं होती. पेटी भिंतीला घासून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या दिवशी त्याला क्रेनवरून खाली उतरवलं, ते उतरवलंच.

डॉक्टर म्हणाले, झोपेत याचा श्वास अडतो, वरचेवर अडतो, म्हणून झोप झोपच नसते आणि जागेपणी डुलकी येते. उपाय एकच. झोपताना नाकावर मास्क लावायचा, मास्कला नळी, नळीच्या टोकाला उशाशी ठेवायचं छोटं मशीन. ते सतत हवा आत ढकलत राहणार. नेमाने वापरलं तर पुन्हा क्रेन. नाही वापरलं तर क्रेन विसरायची, आणि एखाद्या झोपेत हृदय थांबलं तर त्याचीही तयारी ठेवायची.

तोवर त्याला रात्रीच्या फाटकावर बसवलं. येणारे जाणारे विचारायचे, "काय बुड्या, आता खुर्चीत बुडी मारतोस का?" तो हसायचा. घरी येऊन मात्र ताट बाजूला सारायचा.

त्याला काय हवं होतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला ती काचेची केबिन परत हवी होती. दुसरं काही नाही.

मशीन बसवायला दवाखान्यातून एक बाई आली. वयाने लहान, पण बोलणं हेडमास्तरांसारखं. पट्टे कसे आवळायचे, मशीनच्या डब्यात पाणी किती घालायचं, सगळं तिने भावाकडून दोनदा करवून घेतलं. जाताना म्हणाली, सुरुवातीला त्रास होईल, झाला की मला फोन करायचा, मास्क काढून फेकायचा नाही.

त्रास झालाच. पहिल्या झोपेतून उठला तो पोट टम्म फुगलेलं. ढेकर थांबेनात. कानांत दडे. तोंडाला कोरड, जीभ टाळूला चिकटलेली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर. आणि स्वप्नं... एकामागून एक, इतकी ठसठशीत, की उठल्यावर खोलीच खोटी वाटावी.

बाईने फोनवर सगळ्याचा उलगडा केला. हवा पोटात गिळली जाते, म्हणून फुगतं. कानांवर दाब येतो. मास्कच्या कडेने हवा डोळ्यांवर सुटते. कित्येक वर्षांची राहिलेली झोप आता येते आहे, तिच्याबरोबर स्वप्नंही येणार. नळीत पाणी खळखळलं तर घाबरू नका, वाफ गार होऊन पाणी होतं, ओतून टाका. सवय होईल.

आणि झाली सवय. पोट उतरलं, दडे सुटले. भावजय म्हणाली, घरात इतकी शांतता आहे की मला झोप येत नाही.

पण बोटांचं बाईने काही सांगितलं नव्हतं.

तो झोपून उठला की... त्याच्या बोटांची टोकं सुरकुतलेली असायची. पांढरी, फुगलेली. तासन्‌तास पाण्यात राहिलेल्या माणसाची होतात तशी.

बाई मास्कचा पट्टा बघायला आली तेव्हा त्याने हात पुढे केला. तिने विचारलं, आत्ताच आंघोळ केलीत का? तो नाही म्हणाला. तिने हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, मग त्याच्याच मांडीवर परत ठेवला आणि पट्ट्याबद्दल बोलायला लागली.

त्याच दिवशी त्याने नळीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं. मशीनच्या डब्यात भावजय उकळून गार केलेलं पाणी घालायची.

बेसिनमधून वास आला... गंज आणि तेलाचा. गोदीच्या पाण्याचा.

त्याने नळ सोडला आणि बायकोला काही सांगितलं नाही.

यानंतर नळीला पहिला हिसका बसला.

तो अर्धवट झोपेत होता. मशीनची बारीक घरघर चालू होती. नळी त्याच्या हातावरून जात होती, आणि कुणीतरी ती... एकदा ओढली. जोरात नाही. जागं करायला ओढतात तशी नाही. विचारायला ओढतात तशी.

त्याने काय केलं असेल? त्याने नळी बोटांत धरली आणि एकदा उलट ओढली. मग कूस बदलून झोपून गेला.

हे का केलं ते कळायला त्याचं जुनं काम समजून घ्यावं लागेल. पाणबुड्या खाली जातो तेव्हा त्याची हवा वरून नळीतून जाते. वर धक्क्यावर एक माणूस ती नळी हातात धरून बसतो. खाली गढूळ अंधार असतो, बोलता येत नाही, म्हणून बोलणं हिसक्यांनी. एक हिसका म्हणजे, आहेस ना? दोघांपैकी कुणीही विचारायचं, दुसऱ्याने एकाच हिसक्याने उत्तर द्यायचं. दोन म्हणजे, हवा कमी पडतेय, वाढव. तीन म्हणजे, ओढ मला वर. दोन आणि तीन हे फक्त खालच्याने द्यायचे. वरच्याला त्याची गरजच काय!

आणि एक नेम होता. हिसक्याला ज्याने उत्तर दिलं, खालचा माणूस त्याचा. तो वर येईपर्यंत नळी हातातून सोडायची नाही. जेवायला नाही, लघवीला नाही, साहेबाने बोलावलं तरी नाही.

भावाची नळी धरणारा एकच होता. त्याला सगळे नळीवाला म्हणत. भावापेक्षा वयाने मोठा, हाडकुळा, सतत बडबडणारा. जन्मभर धक्क्यावर बसला, पण पाण्यात पाऊल घातलं नाही. पोहता येत नव्हतं. भाऊ चिडवायचा, एकदा तरी खाली ये. तो म्हणायचा, "मी आंघोळ करतो तेवढी जोखीम पुरे आहे."

मागच्या वर्षी नळीवाला छातीच्या दुखण्याने गेला. भाऊ त्याला दवाखान्यात भेटायला गेला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलता येत नव्हतं. भाऊ खाटेशी बसला. नळीवाल्याने डोळे मिचकावले, आपल्या मास्कची नळी दोन बोटांत धरली आणि एकदा ओढली. भावाला हसू फुटलं. त्यानेही दुसरीकडून एकदा ओढली. मग भेटीची वेळ संपली म्हणून नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं, आणि भाऊ घरी आला. त्याच दिवशी निरोप आला.

म्हणून तो पहिला हिसका बसला तेव्हा भाऊ घाबरला नाही. उलट त्याला बरं वाटलं. जुना माणूस धक्क्यावर बसलाय, नळी त्याच्या हातात आहे, आपण निवांत झोपावं. रोज दुपारी कधीतरी एक हिसका यायचा... तो एक द्यायचा. झोप तशी लागायची, जशी पूर्वी पाण्यातलं काम करून आल्यावर लागत असे.

शेवटी त्याने बायकोला सांगितलं. ती आधी म्हणाली, तो जिवंत होता तेव्हा तुम्हाला वेळेवर घरी सोडत नव्हता, आता झोपही सोडत नाही का? मग तिचा चेहरा बदलला.

"उत्तर देऊ नका," ती म्हणाली.

"अगं, सवय आहे. हात आपोआप जातो."

"मग हात पांघरुणात ठेवा."

त्याने हात पांघरुणात ठेवले. झोपेत ते बाहेर आले.

असेच दिवस गेले. डॉक्टर खूश होते, मशीन नेमाने वापरतोय म्हणाले. आणखी थोडे दिवस, मग क्रेन.

आणि मग एका दुपारी नळीला हिसका बसला. भावाचा हात गेला. पण उत्तर द्यायच्या आत...

दुसरा हिसका बसला.

तो जागा झाला. डोळे उघडले. पडद्याच्या फटीतून ऊन भिंतीवर पडलं होतं. मशीन चालू होतं. नळी उशाशी सैल पडली होती. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती ताणली गेली... एक... दोन. पुन्हा सैल पडली.

दोन वरून कधीच येत नाहीत.

तो सांगतो, तेव्हा अंगावर काटा वगैरे काही आला नाही. फक्त त्याला सगळं एकदम कळलं. नळीवाला धक्क्यावर बसलेला नव्हता. नळीवाला खाली होता. ज्याने जन्मात पाण्यात पाऊल घातलं नाही, तो खाली होता. दवाखान्यात मास्क त्याच्या तोंडावर होता, विचारलं त्याने होतं, आणि उत्तर दिलं होतं भावाने. उत्तर देऊन तो नळी सोडून घरी निघून आला होता.

आणि आता रोज पुन्हा उत्तर देत होता. आहे, मी आहे, धरलीय तुझी नळी.

त्या दिवसापासून त्याला श्वास पुरेनासा झाला. मशीन तसंच घरघरत होतं, हवा नाकाशी येत होती, पण छातीपर्यंत पोचत नव्हती. उठला की ओठ निळसर. बाईला बोलावलं. तिने मास्क तपासला, नळी तपासली, फट कुठेच नव्हती. हवा बरोबर जातेय म्हणाली.

भावाने विचारलं, दाब वाढवता येईल का?

कशासाठी, तिने विचारलं. तुम्हाला आहे तेवढा पुरतो.

तो काय सांगणार? ती म्हणाली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही बदलणार नाही, आणि जाताना दारात भावजयीला हळूच म्हणाली की यांच्या मनावर कसला ताण आहे का ते बघा.

भावजय त्याला म्हणाली, एक दिवस मास्क न लावता झोपा. मी शेजारी बसते, ढोसते पूर्वीसारखी. काय होईल?

"क्रेन जाईल," तो म्हणाला.

"एका दिवसाने नाही जात."

तेव्हा तो खरं बोलला. "मशीन बंद केलं तर त्याची हवा बंद होईल. त्याला कमी पडतेय म्हणून मी अर्धाच श्वास घेतो. अर्धा त्याला."

भावजयीने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. आवाज अगदी कोरडा होता. ताई, म्हणाली, माझा नवरा झोपेत मेलेल्या माणसाबरोबर श्वास वाटून घेतोय, आणि मी कुणाला सांगू?

मी येते म्हटलं. पण मी पोचायच्या आदल्या दुपारीच ते झालं.

भावजय स्वयंपाकघरात होती. आधी घरघर थांबल्यासारखी वाटली. मग आतून आवाज आला... ओलं काहीतरी फरशीवर पडल्याचा. थोड्या वेळाने पुन्हा. ठराविक लयीत.

ती दारात गेली.

भाऊ पलंगावर उठून बसला होता. डोळे मिटलेले, मास्क नाकावर. पाय पलंगाच्या कठड्याला रोवलेले. आणि दोन्ही हातांनी, एकामागून एक, तो नळी ओढत होता. जड वजन ओढतात तशी. खांदे थरथरत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. एरवी ती नळी जेमतेम खाटेएवढी लांब, पण तो ओढतच होता, आणि ती येतच होती... पाणी निथळत, वेटोळ्यावर वेटोळं पडत.

भावजयीने किंचाळून त्याला मिठी मारली. मास्क ओढून काढला.

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. रागावला नाही. फक्त फार थकल्या आवाजात म्हणाला, "तीन दिले होते गं त्याने. डोकं दिसायला लागलं होतं."

नळी पूर्वी होती तेवढीच होती. मशीनला जोडलेली, कोरडी. पण गादी खालपर्यंत भिजली होती, आणि भावाच्या तळहातांवर आडवे लाल वळ उठले होते. ते वळ मी दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिले. गादी आम्ही दोघींनी मिळून गच्चीवर नेली. चार दिवस उन्हात ठेवली तरी तिचा वास जाईना. शेवटी टाकून दिली.

त्या दिवसानंतर हिसके बंद झाले.

बोटं कोरडी राहू लागली. श्वास पुरू लागला. ओठांवर रंग आला. डॉक्टरांनी तपासलं आणि लिहून दिलं, हा माणूस कामाला ठीक आहे. बुड्या पुन्हा काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला. गोदीतल्यांनी त्याला खांद्यावर घेतलं म्हणे. मशीनवालीनेही फोन करून अभिनंदन केलं.

जे हवं होतं ते मिळालं. भावजय म्हणते, पण ते आता हसत नाहीत. आणि झोपताना एक हात नळीवर ठेवूनच झोपतात. एकदा तिने विचारलं, आता कशाला? तर म्हणाला, अर्ध्यावर सोडलाय मी त्याला. अर्ध्यावर लटकलेला माणूस फार वेळ टिकत नाही.

आता माझं सांगते.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. दुपारची वेळ. भावजय म्हणाली, ताई, जरा बसता का ह्यांच्याजवळ, मी बाजारातून येते. एकटं सोडायला तिला अजून धीर होत नाही. मी खुर्ची ओढून पलंगाशी बसले. भाऊ गाढ झोपला होता. श्वास सरळ, एकसारखा. लहानपणी झोपायचा तसा. दोन्ही हात छातीवर होते. नळी पलंगाच्या कठड्यावरून खाली आली होती. तिला पीळ पडला होता, म्हणून सरळ करायला मी ती हातात घेतली.

सरळ केली. आणि हात तसाच राहिला तिच्यावर. ऊन होतं, भंगारवाला ओरडत होता, मलाही पेंग येत होती...

नळीला हिसका बसला.

एक.

अगदी बारीक. ताकद संपत आलेल्या माणसाचा.

मी मशीनकडे पाहिलं. भावाच्या हातांकडे पाहिलं. ते छातीवरच होते. माझी बोटं नळीवर होती, आणि खोटं कशाला सांगू, ती आवळली गेली. कुणी विचारलं की उत्तर द्यावं असं हातालाच वाटतं. पण मला नेम ठाऊक होता. ज्याने उत्तर दिलं, खालचा माणूस त्याचा.

मी एकेक बोट सोडवलं. नळी कठड्यावर ठेवली. हात मांडीखाली दाबून बसले.

भावाने डोळे उघडले नाहीत. मास्कच्या आडून त्याचा आवाज आला, हवेत भिजलेला, लांबून आल्यासारखा.

"ताई... त्याने विचारलं का काही?"

मी म्हटलं, "नाही रे. झोप तू."

तो झोपला. मी नळीकडे बघत बसले. भावजय येईपर्यंत ती हलली नाही.

नंतरही हलली नाही, असं ती सांगते. मी रोज फोन करून विचारते.